थांबण्याचे पैसे

मध्यरात्रीपासून पहाटे तीन-साडेतीनपर्यंत सहारच्या टर्मिनलबाहेर जी वर्दळ असते, ती मुंबईत राहणाऱ्यांपैकीही थोड्यांनीच पाहिलेली असते. युरोपातून आणि आखातातून येणारी बरीच विमानं याच सुमारास उतरतात. लांबचा प्रवास करून आलेली माणसं ट्रॉली ढकलत दाराबाहेर येतात. समोर कठडा, आणि कठड्यापलीकडे हातात बोर्ड धरलेल्या माणसांची रांग. त्या रांगेत आपलं नाव शोधताना भल्याभल्यांचे चेहरे कावरेबावरे झालेले असतात. नाव दिसलं की खांदे सैल पडतात. मी फोर्टमधल्या एका मध्यम हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवर काम करते. तेवढ्या एका क्षणासाठी आधी काय काय करावं लागतं ते इथं सांगायचं आहे, आणि मुख्यतः बोर्ड धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

दिवसा आमच्या डेस्कवर घारापुरीची लाँच, शिर्डी-नाशिकची गाडी, पुण्याचा ड्रॉप अशी कामं असतात. संध्याकाळी सातनंतर रात्रीच्या अरायव्हलची यादी हातात घेतली की बाकी सगळं मागं पडतं. यादी म्हणजे साधा कागद. गेस्टचं नाव, माणसं किती, बॅगा किती, विमानाचा नंबर, टर्मिनल, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, आणि शेवटी रिकामा रकाना. त्या रकान्यात रात्री पेनाने वेळा भरायच्या: विमान टेकलं, गेस्ट बाहेर आला, गाडी सुटली, हॉटेलात पोचली. यातल्या पहिल्या दोन वेळांमध्ये जे अंतर पडतं, त्यावरून पुढचे सगळे वाद होतात.

बुकिंग घेताना मी सर्वांत आधी तारीख पक्की करते. शुक्रवारी चौदा तारीख आहे आणि विमान रात्री बारा पन्नासला उतरणार आहे असं समजा. तिकिटावर चौदा छापलेलं असतं, म्हणून गेस्टही चौदाच म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र चौदाची रात्र म्हणजे शुक्रवारची जेवणं आटोपल्यावरची रात्र. एवढ्यानं गाडी अख्खा एक दिवस उशिरा जाऊ शकते. म्हणून आमच्या ड्युटी स्लिपवर नुसती तारीख कधी नसते, ‘गुरु-शुक्र रात्र’ असं लिहिलेलं असतं. ड्रायव्हरला फोनवरही ‘गुरुवारी रात्री जेवून निघायचं’ असंच सांगते. गेस्टला विचारते, तुम्ही घरून कोणत्या वारी निघणार?

याच प्रश्नातून दुसरी एक गोष्ट उघडी पडते. चौदा तारखेपासून खोली घेतलेला माणूस चौदाच्या पहाटे अडीचला दारात उभा राहिला, तर खोली त्याला दुपारी दोनला मिळायची असते. गाडी वेळेवर, ड्रायव्हर नम्र, रस्ता मोकळा, आणि एवढं होऊन पहाट आणि सगळी सकाळ लॉबीतल्या सोफ्यावर. हे काही गाडीच्या बुकिंगचं काम नाही, असं म्हणता येईल. मला ते माझंच काम वाटतं, कारण गेस्ट नक्की किती वाजता पोचणार हे हॉटेलात सर्वांत आधी मला कळतं. खोलीचं बुकिंग घेणाऱ्यासमोर फक्त तारखा असतात. मी रिसेप्शनला फोन करते, तेराची रात्र धरायची का ते गेस्टला विचारायला लावते, आणि मगच गाडीचं कन्फर्मेशन पाठवते.

वेळेपेक्षा विमानाचा नंबर महत्त्वाचा. नंबर असला की विमान निघालं का, किती उशिरा आहे हे बघता येतं. पण बोस्टनहून फ्रँकफर्टमार्गे येणारा माणूस सवयीने पहिल्या विमानाचा नंबर देतो. ते फ्रँकफर्टला वेळेवर पोचतं आणि मुंबईचं विमान तिकडेच दोन तास अडकून पडतं. म्हणून ‘मुंबईत उतरणाऱ्या विमानाचा नंबर’ असे सगळे शब्द वापरूनच विचारते. एकाच विमानाला दोन कंपन्यांचे दोन नंबर असू शकतात, तेही तपासावं लागतं. देशांतर्गत असेल तर टर्मिनल कोणतं? सांताक्रूझचं टी-वन आणि सहारचं टी-टू यांच्यामध्ये गर्दीच्या वेळी चांगलाच वेळ जातो, आणि एकाच कंपनीची काही विमानं इकडे तर काही तिकडे उतरतात. हॉटेलचं नावही पूर्ण हवं. मुंबईत ‘ताज’ म्हटलं तर अपोलो बंदरचं, वांद्र्याच्या लँड्स एंडचं की सांताक्रूझचं? ट्रायडंट नरिमन पॉइंटचं की बीकेसीचं? जे. डब्ल्यू. मॅरियट जुहूचं की सहारचं? आमच्यासारख्या एकच इमारत असलेल्या हॉटेलला ही अडचण नाही, पण दुसऱ्या हॉटेलांत उतरणाऱ्यांच्या गाड्याही आम्ही पाहतो, तेव्हा विचारावंच लागतं.

बॅगांचं फार जणांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेहून येणारं जोडपं माणशी दोन मोठ्या बॅगा आणतं, म्हणजे चार. सीएनजीवरच्या डिझायरची डिकी उघडली की समोर गॅसची टाकी. तिच्या पुढ्यात एखादी मोठी बॅग कशीबशी बसते, दुसरी पुढच्या सीटवर आणि उरलेल्या माणसांच्या मांडीवर. माणसं दोनच म्हणून छोटी गाडी मागणाऱ्याला मी बॅगांचा आकडा विचारून इनोव्हा घ्यायला सांगते. महाग पडते, पण रात्री दोनला पार्किंगमध्ये दुसरी गाडी शोधण्यापेक्षा ते बरं.

आता पैशांकडे येते. गाडीच्या दरावर फारशी घासाघीस कोणी करत नाही. डिझायरचा एवढा, इनोव्हाचा एवढा, टोल-पार्किंग वेगळं, रात्रीचा भत्ता वेगळा, हे लोक मान्य करतात, कारण गाडी डोळ्यांना दिसते. घासाघीस होते ती वेटिंगवर. आमच्या दरपत्रकात आंतरराष्ट्रीय विमान टेकल्यापासून एक तास मोफत आहे, पुढं दर तासाला ठरलेली रक्कम. दरपत्रक वाचताना कोणाला यात काही वावगं दिसत नाही. बिल हातात आल्यावर मात्र पहिलं बोट याच ओळीवर पडतं: गाडी नुसती उभी होती, तिचे कसले पैसे?

घड्याळ कधी सुरू करायचं, हा सगळ्या धंद्याचा गाभा आहे. काही कंपन्या तिकिटावरच्या वेळेपासून मोजतात. विमान दीड तास उशिरा आलं तर गेस्ट दाराबाहेर येण्याआधीच त्याच्या नावावर पैसे चढलेले असतात, किंवा ड्रायव्हर निघून गेलेला असतो. काही कंपन्या गेस्टनं ‘मी बाहेर आलो’ असा फोन केल्यापासून मोजतात. हा दर सर्वांत स्वस्त दिसतो. तो स्वस्त पडतो कारण पार्किंगचे पैसे वाचवायला गाडी आत आणलेलीच नसते. ड्रायव्हर बाहेर कुठल्या तरी पेट्रोल पंपापाशी, रस्त्याच्या कडेला थांबतो आणि फोन आला की आत येतो. ज्याच्याकडे चालू फोन आहे त्याला हे चालून जातं. पण परदेशी सिम रोमिंगवर नसेल तर? विमानतळाच्या वायफायला मोबाइलवर ओटीपी लागतो, तो येणार कुठून? एकदा दाराबाहेर पडलं की सुरक्षेमुळे परत आतही जाता येत नाही. माणूस कठड्यापाशी उभा, गाडी हाकेच्या अंतरावर, आणि दोघांची गाठ नाही. आम्ही विमान टेकल्यापासून मोजतो, गाडी पार्किंगमध्ये ठेवतो आणि माणूस बोर्ड घेऊन उभा करतो. दर थोडा जास्त पडतो आणि त्याबद्दल मला कधी संकोच वाटलेला नाही.

हे उभं राहणं कसं असतं ते मला आमच्या एका ड्रायव्हरनं दाखवलं. वाईकडचे, साठीला टेकलेले. डेस्कवर आणि गॅरेजमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात. पूर्वी काळी-पिवळी चालवायचे, पद्मिनी. २००३ नंतर नव्या पद्मिनीची नोंदणी थांबली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. मामा त्याच्या पुष्कळ आधी टुरिस्ट गाडीवर आले होते. एका रात्री डेस्कवर दुसरं कोणी होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर सहारला गेले. आमचा गेस्ट इमिग्रेशनच्या रांगेत अडकला असावा. मामा कठड्याला पोट लावून उभे. बोर्ड छातीच्या उंचीवर, कारण खाली धरला तर पुढच्या माणसाआड जातो आणि डोक्यावर धरला तर दहा मिनिटांत हात भरून येतो. बसायची सोय नाही, आणि असली तरी बसता येत नाही. ज्या क्षणी बसलात त्याच क्षणी गेस्ट समोरून निघून गेला, असं व्हायचं.

‘मामा, चहा घेऊन या की,’ मी म्हटलं.

‘थांबा ताई,’ म्हणत त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारी दुसऱ्या कुठल्या हॉटेलचा पंचविशीतला पोरगा उभा होता. त्यानं काही न बोलता हात पुढं केला आणि मामांचा बोर्ड घेतला. दोन हातांत दोन बोर्ड धरून तो मामा परत येईपर्यंत उभा राहिला. मग मामांनी त्याचा धरला आणि तो गेला. दोघांची ओळख नव्हती. लघवीला जायचं, चहा घ्यायचा, घरी फोन करायचा तर हीच पद्धत. रांगेत कोणी कोणाला नाही म्हणत नाही, मग मालक एकमेकांचे कितीही वैरी असोत.

त्या रात्री बोर्डाबद्दलही मी बरंच शिकले. अक्षरं जाड हवीत आणि आडनाव मोठं. कंपनीचं नाव शक्यतो टाळावं. कारण कठड्याच्या आसपास बोर्ड वाचत फिरणारी माणसंही असतात. नाव वाचायचं, चार पावलं पुढं जाऊन गेस्टला गाठायचं आणि ‘आपल्या हॉटेलकडूनच आलोय, गाडी इकडे आहे’ म्हणून घेऊन जायचं. थकलेला माणूस आपलं नाव ऐकून विश्वास ठेवतो. म्हणून कन्फर्मेशनमध्ये आम्ही ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर तर देतोच, शिवाय बोर्डावर नसलेला एक आकडा देतो. गेस्टनं तो ड्रायव्हरला विचारायचा, आणि ड्रायव्हरला सांगता आला तरच गाडीत बसायचं. एकट्या येणाऱ्या बायकांना हे मी फोनवरून आवर्जून समजावते. प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी आहेत ना, तेही बघायला सांगते. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं आली असेल तर बसू नका, मला फोन करा.

थांबण्याचे पैसे खरे कोणाचे, या प्रश्नाची तड लागली ती एका आजींमुळे. मुलगा न्यू जर्सीला, आजी त्याच्याकडे राहून परत निघालेल्या. मुक्काम एक रात्र आमच्याकडे आणि सकाळच्या मांडवी एक्सप्रेसनं रत्नागिरी. मुलानं फोनवर आधीच सांगितलं होतं, की मागच्या खेपेला एका ऑनलाइन कंपनीची गाडी घेतली होती. पाऊण तासानं ‘गेस्ट आला नाही’ असं लिहून ड्रायव्हर निघून गेला आणि आई बाकावर बसून राहिली. आजींना व्हीलचेअर होती. व्हीलचेअरवाले विमानातून सर्वांत शेवटी उतरतात. त्या वेळी लागोपाठ उतरलेल्या विमानांत तशी माणसं बरीच असली, की मदतनीस एकाला सोडून दुसऱ्याकडे येईपर्यंत अर्धा-अर्धा तास जातो. मग इमिग्रेशन, मग बेल्ट. गाडीवाल्याच्या हिशेबात पाऊण तास बसतो, व्हीलचेअरच्या हिशेबात बसत नाही.

त्या रात्री आजी बाहेर आल्या तेव्हा विमान टेकून दोन तास उलटून गेले होते. मामा जागचे हलले नव्हते. मुलाचा तिकडून तिसऱ्यांदा फोन आला, त्याची दुपार चालू होती. मी सांगितलं, आमचा माणूस आत्ताच म्हणाला की व्हीलचेअर दिसली. पलीकडे काही क्षण आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कळवलं, की वेटिंगचे सगळे पैसे लावा आणि ते त्या काकांच्या हातात पडू द्या.

पैसे लावले. पण ते मामांच्या हातात पडावेत अशी सोयच नव्हती. आमच्या हॉटेलच्या गाड्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून येतात. काही त्याच्या स्वतःच्या, काही अटॅच केलेल्या. महिन्याचं एकत्र बिल हॉटेलकडे येतं, हॉटेल दीड महिन्यानं चेक देतं. त्यात गाडीभाडं, टोल, पार्किंग, वेटिंग सगळं एका रकमेत. मामांना महिन्याचा पगार आणि रात्रीचा भत्ता. गेस्टनं ‘उभ्या माणसाचे’ म्हणून दिलेले पैसे उभ्या माणसापर्यंत येतच नव्हते, आणि हे इतकी वर्षं कोणाला खटकलंही नव्हतं.

ट्रॅव्हल्सवाल्यांशी मी बोलले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी गाडीचा हप्ता, विमा, टुरिस्ट परमिट, टायर सगळं माझ्यासमोर मांडलं. गाडी उभी राहिली की तिचा धंदा बुडतो, ते नुकसान कोण भरणार, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. एका मोठ्या कंपनीच्या प्रवास विभागानं वर्षाचा करार करताना वेटिंगचा रकानाच खोडून पाठवला होता, त्याचा दाखला त्यांनीच दिला. गाडी तशीही उभीच असते, असं त्या कंपनीचं म्हणणं. परिणाम काय झाला? थांबण्याचे पैसे नाहीत म्हटल्यावर गाड्या आधीची एक ड्युटी उरकून सहारला जायला लागल्या. आधीची ड्युटी लांबली की उशीर, उशीर झाला की तक्रार, तक्रार आली की ड्रायव्हरच्या पगारातून कपात. खोडलेला रकाना शेवटी ड्रायव्हरनंच भरला.

बऱ्याच बोलाचालीनंतर ड्युटी स्लिपवर दोन ओळी वेगळ्या झाल्या: गाडीचं वेटिंग आणि ड्रायव्हरचं वेटिंग. दुसरी रक्कम हॉटेलच्या कॅश काउंटरवरून त्याच सकाळी ड्रायव्हरला मिळते आणि महिन्याच्या बिलातून वजा होते. रक्कम मोठी नाही. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाला सकाळी सही करून आपल्या उभं राहण्याचे पैसे घेता येतात. मामा पहिल्यांदा सही करायला आले तेव्हा त्यांनी स्लिप दोनदा वाचली. घडी घालून खिशात ठेवली, आणि मग म्हणाले, ‘ही आमच्या मंडळींना दाखवतो.’

झोपेचा प्रश्न मात्र एवढ्यानं सुटत नाही, आणि मला तो पैशांपेक्षाही गंभीर वाटतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम ठरवलं होतं. तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. ज्यानं कर्ज काढून स्वतःची एक गाडी घेतली आणि ट्रॅव्हल्सकडे अटॅच केली, तो कागदोपत्री मालक. त्याचे तास कोण मोजणार? दिवसा पुण्याला जाऊन आलेला माणूस रात्री अकराला सहारची ड्युटी मागतो, कारण हप्त्याची तारीख जवळ आलेली असते. मी ट्रॅव्हल्सवाल्यांकडून दुपारनंतरचा हिशेब मागवते आणि दिवसभर चाललेल्या गाडीला रात्रीचं अरायव्हल देत नाही. यावरून काही ड्रायव्हर माझ्यावर रागावलेले आहेत. त्यांचा राग मी समजू शकते. पण पहाटे तीनला मोकळा रस्ता असतो, एसी चालू असतो, मागं गेस्ट झोपलेला असतो आणि गाडीत कोणी बोलत नाही. डोळा लागायला याहून सोयीचं काय हवं?

मोकळ्या रस्त्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. सहार ते फोर्ट, कोणत्या रस्त्यानं जाता त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर. दिवसा दीड-दोन तास लागायचे, रात्री पाऊण तास. मामांच्या बोलण्यात अजून माहीम, दादर, वरळी नाका, पेडर रोड असा सगळा जुना रस्ता येतो. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत टी-टू सुरू झालं तेव्हाच सहारचा उन्नत मार्गही खुला झाला आणि टर्मिनलमधून थेट वेस्टर्न एक्सप्रेसवर येता यायला लागलं. २०२४ पासून सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्यानं उघडत गेला. मलबार हिलखालचा दोन किलोमीटरचा बोगदा ओलांडला की समोर मरीन ड्राइव्ह. पण आमच्या गेस्टना सुरुवातीला त्याचा उपयोगच नव्हता, कारण तो रात्री बंद असायचा आणि आमची विमानं रात्रीचीच. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो चोवीस तास खुला झाला, तेव्हा डेस्कवर आम्ही पेढे वाटले. आता पहाटे दोनला बाहेर पडलेला गेस्ट पहिल्यांदा मुंबई बघतो ती समुद्राच्या कडेनं.

काही दिवस मात्र रस्त्याचं गणित वेगळं असतं. अनंत चतुर्दशीला लालबाग ते गिरगाव चौपाटी हा पट्टा आमच्यासाठी नसतोच. त्या दिवशी चेंबूरकडून पूर्व मुक्त मार्गानं पी. डिमेलो रोडला उतरायचं आणि मागच्या बाजूनं फोर्टात शिरायचं. सहा डिसेंबरला दादर टाळायचं. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी पहाटेपासून रस्ते बंद, म्हणजे त्या सकाळी विमान पकडणाऱ्याला पहाटे चारच्या आत हॉटेलातून काढायचं. जुलैत धो-धो पाऊस लागला की विमानं कधी अहमदाबादला, कधी हैदराबादला वळवतात. तशा रात्री ड्रायव्हरला परत बोलावायचं की तिथंच ठेवायचं, हा निर्णय माझा असतो. विमान पुन्हा मुंबईकडे निघण्याची शक्यता असेल तोवर मी ठेवते, आणि ते तास स्लिपवर लिहिते.

कोणी मला विचारलं, की गाडी घेऊ की नको, तर खरं उत्तर देते. भूमिगत मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत आली. टर्मिनल दोनला स्टेशन आहे, आणि एक बॅग घेऊन दुपारी उतरलेल्या तरुण माणसानं तिनं यावं. सीएसएमटीला उतरलात तर आमचं हॉटेल चालत आहे. माझं एक बुकिंग गेलं तरी चालेल. पण मेट्रोची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराची. त्यानंतर येणारे, लहान मुलं घेऊन येणारे, टाटा हॉस्पिटलच्या कामाला रुग्णाला घेऊन येणारे, व्हीलचेअरवाले, या सगळ्यांसाठी कोणीतरी उभं असायला हवं.

नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून विमानं. त्यामुळे तारखेच्याही आधी नवा प्रश्न आला आहे: कोणत्या विमानतळावर? डिसेंबरात मामा आणि मी उलव्याला जाऊन आलो. शिवडीहून अटल सेतूवरून गेलो, त्याचा एका बाजूचा टोल दरपत्रकात चढवला. येताना मी दरांचे आकडे वहीत मांडत होते. डिझायर, इनोव्हा, टोल, मोफत तास किती धरायचे. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, ते आकडे होतील. आधी हे लिहा, तिथं रात्री उभं कुठं राहायचं, आणि पोरांना मोरीला जायचं तर कुठं.’ मी वहीचं नवं पान काढलं आणि पुढच्या खेपेला विमानतळावर कोणाकोणाला भेटायचं त्याची यादी आम्ही गाडीतच करायला घेतली.